दुसऱ्या नळीतला नमुना

नमुना म्हणजे काय, हे धनाजी मोहित्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. तीस वर्षं त्याने दुसरं केलं काय? तमिळनाडूत इरोडला त्याचं आणि धाकट्या भावाचं, निवासचं, गलाईचं दुकान होतं. सोनारांकडचं तुटकंफुटकं सोनं घ्यायचं, मुशीत वितळवायचं, शुद्ध करून लगड ओतायची आणि तिचा टंच सांगायचा. टंच म्हणजे शंभरात सोनं किती आणि भेसळ किती. विट्याच्या आसपासची शेकडो घरं याच कामासाठी हिंदुस्थानभर पांगलेली आहेत, त्यातलेच हे दोघे. लगडीच्या कोपऱ्यावर कानस मारून चिमूटभर कीस काढला की धनाजी अख्ख्या लगडीचा टंच सांगायचा, आणि सोनार मान डोलावून निघून जायचे. मशिनवर पुन्हा तपासा, असं त्याला कुणी म्हणत नसे. याचा त्याला गर्व होता, आणि तो लपवायची तसदी त्याने कधी घेतली नाही.

ही गोष्ट अजून घडलेली नाही. पण तुमच्या-माझ्या हयातीत घडली तर नवल वाटून घेऊ नका.

धनाजीला सगळे आप्पा म्हणत. निवास त्याच्यापेक्षा दीड वर्षाने लहान, पण कागदोपत्री दोघांची जन्मतारीख एकच, एक जून. आता यात चोरीमारी काही नाही. निवासला आप्पाशिवाय घडीभर करमत नसे, म्हणून आईने दोघांना एकाच दिवशी शाळेत नेऊन बसवलं. गुरुजींनी विचारलं, "जन्म कधीचा?" आई म्हणाली, "थोरला सुगीतला, धाकटा पावसातला." गुरुजींनी पेन उचललं आणि गावातल्या निम्म्या पोरांची टाकली होती तीच तारीख दोघांनाही टाकून दिली. पुढे आधार, पासपोर्ट, सगळीकडे तीच चिकटली. घरात यावरून चेष्टा चालायची. शालन, म्हणजे धनाजीची बायको, दर एक जूनला दोन्ही भावांना एकदमच ओवाळायची.

दुखणंही दोघांनी एकदमच आणलं. दारूचा थेंब न शिवलेली माणसं ही! पण दिवसभर बैठं काम, दुपारी भाताचा ढीग, वर फिल्टर कॉफीत तीन चमचे साखर. आधी साखर लागली रक्ताला, मग चरबी यकृताला, आणि पन्नाशीच्या आत दोघांना सिरोसिस सांगितला. सिरोसिस म्हणजे यकृतात व्रण पडून पडून ते कडक होत जातं. अशा यकृतात कॅन्सरची गाठ धरायची भीती असते, म्हणून दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करायची. दोघे भाऊ एकाच मोटारीतून कोइमतूरला जायचे, रिकाम्या पोटी तपासणी करायची आणि येताना इडली खायची. असं चार वर्षं चाललं.

पाचव्या वर्षी सरकारची ती जनुक-तपासणीची योजना आली.

योजनेमागचं शास्त्र सरळ होतं. सिरोसिस झालेल्या सगळ्यांनाच काही कॅन्सर होत नाही. कुणाला होतो, कुणाला नाही, यात जनुकांचा मोठा वाटा असतो. आपल्या पेशीपेशीत चार अक्षरांत लिहिलेली एक भलीमोठी पोथी असते. तिची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. बाविसाव्या गुणसूत्रावर एक जनुक आहे, ते यकृतातली चरबी मोकळी करायच्या कामाचं. काही माणसांत त्याचं एकच अक्षर बदललेलं असतं, आणि तेवढ्यानं ते काम अडून बसतं. एका प्रतीत बदल असला तर धोका वाढतो. दोन्ही प्रतींत असला तर फारच वाढतो. उलट दुसरीकडे एखादं अक्षर बदललेलं असलं, तर ते यकृताला सांभाळून घेतं. अशी शंभरेक अक्षरं तपासून मशिन एक आकडा काढायचं, जोखीम-अंक. अंक जास्त त्याचा दर तीन महिन्यांनी एमआरआय. अंक कमी त्याला दोन वर्षं काही नाही. मशिनं थोडी, रोगी फार, तेव्हा ज्याला गरज त्याला आधी. योजना चांगली होती हो. तिच्यात खोट काढायला मी बसलेलो नाही.

गावच्या जत्रेला गलाईवाले झाडून घरी येतात, म्हणून नोंदणीचं शिबिर जत्रेतच शाळेत लागलं. दुकान उघडं राहायला हवं, म्हणून त्या वर्षी निवास इरोडला थांबला होता. धनाजी एकटाच गेला. आरोग्य केंद्रातली नर्स मनीषा पवार टेबलाशी बसली होती. गावचीच लेक. तिने त्याच्याकडून नळीत रेघेपर्यंत लाळ घेतली आणि दुसरी नळी हातात दिली.

"ही निवासदादांची. त्यांनी स्वतः भरायची बरं का, आप्पा. भरली की पाकिटात घालून कुरियरनं पाठवा."

"स्वतः कशाला? एकाच लगडीची दोन टोकं आम्ही. कुठनंबी कानस मार, टंच तोच."

मनीषा हसली. तिला वाटलं, आप्पा चेष्टा करताहेत. शेजारी बसलेली चार माणसंही हसली. पण धनाजी चेष्टा करत नव्हता. त्याच्या धंद्यात हेच खरं होतं. एकदा सोनं वितळून एकजीव झालं की कोपरा घ्या नाहीतर मध्य घ्या, फरक पडत नाही. दोन नमुने मागणारा सोनार नवशिका तरी असतो, नाहीतर संशयी.

परतायच्या दिवशी शालन बॅगा भरत होती. म्हणाली, "अहो, निवासभावजींची ती नळी तशीच पडलीय टीव्हीपाशी. विसरू नका."

धनाजीने नळी उचलली. इरोडपर्यंत न्यायची, तिथून निवासकडून भरून घ्यायची, मग कुरियरवाला शोधायचा. एवढा उपद्व्याप कशासाठी? त्याने टोपण काढलं, रेघेपर्यंत थुंकला, टोपण लावलं आणि जाताजाता मनीषाच्या टेबलावर ठेवून दिली. "निवासची," म्हणाला. तिला वाटलं, निवास जत्रेला आला असेल.

इथवरची गोष्ट मूर्खपणाची होती, पापाची नव्हे. पाप पुढेच आहे.

महिन्याभरानं इरोडच्या दुकानात दुपारच्या वेळी धनाजीचा फोन वाजला. तो मुशीपाशी होता. हात पुसून त्याने संदेश वाचला. "आपला व श्री. निवास मोहिते यांचा नमुना तंतोतंत एकच आढळला आहे. जन्मतारीख एकच असल्याने आपण एकसारखे जुळे भाऊ असावेत असे दिसते. हे बरोबर आहे का?" खाली दोन चौकोन होते, होय आणि नाही.

धनाजीच्या कानशिलांत गरम झालं. तो अडाणी नव्हता. सख्ख्या भावांचं सगळं सारखंच असतं, तर मशिनला हा प्रश्न पडलाच नसता. जुळे आहात का, असं ते विचारतंय त्या अर्थी नुसत्या भावांचं वेगळं निघतं. हे त्याला त्याच मिनिटाला कळलं. मी पुन्हा सांगतो, त्याच मिनिटाला कळलं. पुढे कित्येक महिने तो स्वतःला समजावत राहिला, की आपल्याला काय माहीत, आपण काय डॉक्टर आहोत? पण माहीत होतं.

"नाही" दाबायचं, तर मनीषाचा फोन येणार. आप्पा, दुसऱ्या नळीत कोण थुंकलं? काय सांगायचं तिला? चार माणसांसमोर मोठ्या तोंडानं टंचाची अक्कल शिकवली होती. ते गावभर होणार. टंच सांगणारे धनाजी मोहिते, आणि नमुना खोटा! धनाजीने मान वर न करता "होय" दाबलं आणि फोन खिशात टाकला.

आठवड्याने दोघांचे अंक आले. शंभरात चौदा. दोघांनाही चौदा.

"चला, मजा झाली," धनाजी म्हणाला. "दोन वर्षं कोइमतूर बंद."

निवास सोनं तोलायच्या काट्यापाशी बसला होता. तो नुसता "बरं" म्हणाला.

आणि कोइमतूर खरंच बंद झालं. वर्षभराने एकदा निवास म्हणाला, "आप्पा, उजव्या कुशीत जड जड वाटतंय. जाऊन यायचं का? नुसतं आपलं बघून येऊ."

"मशिन काय खोटं बोलतंय व्हय?" धनाजी म्हणाला. "भात कमी कर, जड वाटायचं न्हाई."

दोन वर्षं भरायच्या आतच निवासची पँट ढिली झाली, डोळे पिवळे दिसायला लागले. रोहिणीने, त्याच्या बायकोने, कुणाचं काही ऐकून न घेता त्याला थेट मिरजेला यकृताच्या रुग्णालयात आणून भरती केलं. मागोमाग दुकानाला कुलूप लावून, शालनला गावी सोडून धनाजीही आला.

डॉक्टर तस्नीम मुजावर चाळिशीच्या, बोलायला रोखठोक. त्यांनी धनाजी आणि रोहिणीला खोलीत बोलावून पडद्यावर एमआरआय दाखवला. निवासच्या यकृतात उजवीकडे सात सेंटिमीटरची गाठ होती.

"दीड वर्षापूर्वी ही सुपारीएवढी असणार," त्या म्हणाल्या. "तेव्हा सापडली असती तर सुई घालून जाळून टाकली असती, तिसऱ्या दिवशी घरी. मला कळत नाही, जोखीम-अंक चौदा असलेल्या माणसात एवढी कशी वाढली?"

रोहिणीने पदर तोंडाला लावला.

"आता काय करायचं, मॅडम?" रोहिणीने विचारलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. गाठीवरची औषधं आहेत, चांगली आहेत, पण ती सोसायला उरलेल्या यकृतात दम हवा. निवासच्या यकृतात तो नाही. ज्यांच्या दोन्ही प्रतींत ते बाविसाव्या गुणसूत्रावरचं अक्षर बदललेलं असतं, त्यांच्यासाठी एक इंजेक्शन निघालं होतं. ते त्या बिघडलेल्या जनुकाला गप्प करायचं. मग आठ-दहा आठवड्यांत यकृतातली चरबी उतरते, सूज उतरते, आणि यकृत गाठीची औषधं सोसायच्या लायकीचं होतं. वॉर्डात त्याला गप्प-इंजेक्शनच म्हणत.

"पण ते ह्यांना चालणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "नोंदीप्रमाणे ह्यांच्या एकाही प्रतीत बदल नाही. अक्षरच बदललेलं नसेल तर गप्प कुणाला करणार? उलट अपाय होईल. शनिवारी आमची समिती बसते, त्यात उपचार ठरतील. पण आहे त्या नोंदीवर मी इतकंच सांगू शकते, की दुखायचं थांबवायच्या गोळ्या देऊन घरी न्या."

रोहिणी बाहेर जाऊन रडली. धनाजी खुर्चीतच राहिला.

"डॉक्टर," तो म्हणाला, "सख्ख्या भावांचं एकच असतं ना हे? म्हणजे आईबाप तेच, मग..."

"छे हो. तुम्हाला वाटतं, आईबापाचं वितळून एकजीव होतं? तसं नसतं. मिसळलेली कडधान्यं धरा. पोत्यात हात घालून एक मूठ थोरल्याला, एक मूठ धाकट्याला. पोतं एकच, पण एका मुठीत मटकी जास्त आली, दुसऱ्या मुठीत हुलगे. तुमच्या आईच्या दोन प्रतींतली कुठली कुणाला जाईल, त्याचा नेम नसतो. वडिलांचंही तसंच. एका भावाला दोन्हीकडून चांगली प्रत, दुसऱ्याला दोन्हीकडून बिघडलेली, असं मी दर आठवड्याला बघते. तुमचं वेगळं आहे, तुम्ही जुळे. म्हणून तर मला कोडं पडलंय." मग त्या जरा थांबून म्हणाल्या, "नळ्यांत काही गफलत झाली असेल का? शिबिरातल्या नर्सला मी पत्र टाकलंय; चूक कुणी कबूल केल्याशिवाय योजनेत दुसरा नमुना घेता येत नाही. तिनंच काहीतरी घोटाळा केला असणार."

आता बोलायचं होतं. याच्याइतकी चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. धनाजीने खुर्ची मागे सारली. तो उठला, डॉक्टरांना नमस्कार केला आणि बाहेर आला. जिन्याच्या खिडकीपाशी उभं राहून त्याने स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली. त्याने काही झालं नाही.

बुधवार होता. शनिवारपर्यंत वेळ आहे, असं त्याने मनाशी म्हटलं. शरमलेल्या माणसाला वेळ आहे म्हणून सांगितलं की संपलंच. बुधवार गेला. गुरुवारी गावाकडून शालनचा फोन आला. मनीषाची चौकशी लागलीय, पोरगी आरोग्य केंद्रात हुंदके देऊन रडली म्हणे. "तिनं आपल्या निवासभावजींचा घात केला, असं लोक बोलाय लागल्यात," शालन म्हणाली. धनाजी "हं" म्हणाला. त्याची त्यालाच शिसारी आली, तरी "हं"च म्हणाला.

शुक्रवारी सकाळी रोहिणी खाली औषधं आणायला गेली. निवास उशीला टेकून बसला होता. गालफडं बसली होती, पोट तेवढं टम्म. धनाजी स्टूल ओढून बसला, आणि बसल्या बसल्याच म्हणाला, "निवास, तुझा नमुना मी दिला होता. माझी थुंकी होती ती."

निवासने खिडकीकडे बघत मान हलवली. "ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

"आरं, मी थुंकलोच न्हाई, तर माझा नमुना आला कुठनं? मला बी तोच प्रश्न आला होता फोनवर. जुळं हायसा का म्हणून. काट्यापाशी बसलो होतो मी. तुझं तोंड बघितलं, तू बटण दाबलंस ते बघितलं."

"मग?"

"मग काय? तू होय म्हटलास. मी न्हाई म्हटलं असतं तर तू खोटा पडला असतास. मी बी होय दाबलं." निवास थोडा दम घेऊन म्हणाला, "मला वाटलं, आप्पा म्हणतोय म्हणजे असंल सारखंच. तुझा टंच कधी चुकलाय?"

आता धनाजीच्या मनात काय आलं ते सांगायची मलाही लाज वाटते. पहिल्यांदा त्याला हायसं वाटलं. निवासनंही होय दाबलं होतं! म्हणजे अर्धी चूक त्याची. म्हणजे आपण एकटे नाही. एका क्षणापुरतं त्याचं ओझं खरंच हलकं झालं. मग समोरच्या त्या बसलेल्या गालफडांकडे त्याचं लक्ष गेलं, आणि आपण कुणाच्या डोक्यावर ओझं ठेवायला निघालो ते त्याला दिसलं. त्याला वाटलं, या स्टुलावरून उठून कुठंतरी तोंड काळं करावं.

"मी आज डॉक्टरला सांगतो," तो म्हणाला.

"तू नगं." निवास घाईने म्हणाला. "ऐक माझं. मी सांगतो. म्हणतो, मला आळस आला, मीच आप्पाला म्हटलं, तूच भर जा माझी नळी. न्हाईतर असं करू, तुझं नावच नगं. पुतण्या थुंकला म्हणतो, कोण बी थुंकला म्हणतो. इरोडला माणसं आपल्या शब्दावर सोनं टाकून जात्यात, आप्पा. गलाईवाल्यानं खोटा नमुना दिला, हे एकदा फुटलं की विट्यापासनं कन्याकुमारीपातूर जातंय. मी राहतोय न राहतोय. तुझं नाव ऱ्हाऊ दे."

धनाजीने "नको" म्हणायला हवं होतं. तुम्ही म्हणाला असता, मीही म्हणालो असतो, निदान असं आपल्याला वाटतं. धनाजीने भावाच्या पायांवरची चादर तेवढी सारखी केली.

अकराच्या सुमाराला डॉक्टर फेरीला आल्या, बरोबर दोन शिकाऊ डॉक्टर. रोहिणी औषधं घेऊन परतली होती. शेजारच्या खाटेवरचे म्हातारबाबा आणि त्यांची लेकही कान देऊन होती, वॉर्डात दुसरं काम काय असतं?

"डॉक्टर, एक सांगायचंय," निवास म्हणाला. "तो नमुना माझा नव्हताच. मला कंटाळा आला होता. दुसऱ्याच कुणाला तरी थुंकायला लावलं मी. आप्पाला यातलं काय बी म्हाईत न्हाई. आणि आमी जुळं न्हाई, दीड वर्साचं अंतर हाय."

तो नमुना धनाजीच्या नमुन्याशी तंतोतंत जुळला होता, म्हणजे दुसऱ्या कुणाचा असूच शकत नव्हता, हे त्या घडीला कुणाच्या ध्यानात आलं नाही. डॉक्टरांनी हातातली पाटी खाली ठेवली.

"तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय केलंत?" त्यांचा आवाज चढला. "तीन दिवस मी त्या नर्सवर संशय घेतेय! पाच मिनिटांच्या कंटाळ्यापायी स्वतःच्या जिवावर उठलात. शनिवारी मी तुम्हाला घरी पाठवणार होते, मरायला. कळतंय?"

"व्हय," निवास म्हणाला.

रोहिणीच्या हातातली पिशवी गळून पडली. तिला आधी खरंच वाटेना. मग ती नवऱ्याच्या अंगावर धावूनच गेली. "कंटाळा आला? कंटाळा? पोरीचं बारावीचं वरीस, आणि तुम्हाला थुंकायचा कंटाळा आला? माझा इचार न्हाई केला, तिचा तरी करायचा! देवानं एवढं चांगलं दिलं, आणि स्वतःच्या हातानं..." तिला पुढे बोलवेना. ती रडत रडत त्याच्या दंडावर मुठी मारत होती, हळूच, कारण त्याला जोरात मारण्याजोगं काही उरलं नव्हतं. निवास गप्प बसून मार खात होता. त्याने एकदाही भावाकडे पाहिलं नाही.

मग रोहिणी धनाजीकडे वळली. डोक्यावरचा पदर सावरून म्हणाली, "आप्पा, तुमी तरी बोला ह्यास्नी! तुमी कसं सगळं येवस्थित केलंसा. तुमचं बघून तरी शिकायचं ह्यांनी. तुमच्यासारखं ह्यांनी..."

"माझी थुंकी होती," धनाजी म्हणाला.

"काय?"

"दुसऱ्या नळीत मी थुंकलो. निवासनं न्हाई सांगितलं. त्याला इचारलं बी न्हाई मी." त्याला वाटलं होतं, एकदा तोंड उघडलं की बोलणं सोपं जाईल. तसं काही झालं नाही, एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "मशिननं इचारलं, जुळं हायसा का. मी होय म्हटलं. तवाच मला कळलं होतं, की दोघांचं निराळं असणार. कळून होय म्हटलं. गावात हसं होईल म्हणून. कुशीत जड वाटतंय म्हणाला, तवा मी त्याला भात कमी कर म्हणालो. बुधवारी तुमच्या खोलीत बोलायचं होतं, डॉक्टर. तवा बी बोललो न्हाई. त्या मनीषाची काय चूक न्हाई. लिहून देतो मी."

डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं. रागावायला त्यांच्याकडे नवं काही शिल्लक नव्हतं, किंवा कामाची घाई होती. "रक्त घ्या," त्या शिकाऊ डॉक्टरला म्हणाल्या. "लगेच. उद्या सकाळी नऊच्या आत उत्तर हवं."

रोहिणी जागची हललेली नव्हती. ती अगदी हळू आवाजात डॉक्टरांना म्हणाली, "मॅडम, रगत घेताना ह्यास्नी भाईर पाठवा."

कुणी त्याला बाहेर नेलं नाही. धनाजी आपणच उठला. म्हातारबाबांची लेक वाट देताना जरा जास्तच अंग चोरून उभी राहिली. बाहेर बाकावर बसून त्याने कागद मागून घेतला आणि सगळं लिहिलं. नळी, संदेश, एक जून, होय. खाली मनीषा पवार यांचा काही दोष नाही, हे दोनदा लिहिलं. सही केली. मग इरोडच्या गलाई संघटनेच्या अध्यक्षाला फोन करून तेच तोंडी सांगितलं. अध्यक्षाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दुकान आता निवासच्या नावानं ठेव, धनाजी. तू काही दिवस टंच सांगू नको." धनाजी "व्हय" म्हणाला.

शनिवारी सकाळी उत्तर आलं. निवासच्या दोन्ही प्रतींत अक्षर बदललेलं होतं. जोखीम-अंक एक्क्याण्णव. समितीने अर्ध्या तासात निकाल दिला आणि दुपारी पहिलं गप्प-इंजेक्शन टोचलं. गाठीचं औषध सोसेल की नाही ते आठ-दहा आठवड्यांनी कळणार होतं. "निम्मी आशा धरा," डॉक्टर रोहिणीला म्हणाल्या. "दीड वर्षापूर्वी आला असतात तर सगळी धरा म्हणाले असते."

धनाजी दोन दिवस बाकावरच होता. रोहिणी समोरून जायची, यायची. डबा आला की त्याच्यासाठी एक भाकरी बाकावर ठेवायची. बोलायची मात्र नाही. त्यालाही भाकरी घशाखाली उतरत नव्हती, तरी तिने ठेवली म्हणून तो खायचा. सोमवारी ती येऊन उभी राहिली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "त्यांनी बोलावलंय."

निवास टेकून बसला होता. डोळ्यांतला पिवळेपणा तसाच होता, पण आवाजाला थोडी धार आली होती. धनाजी खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. स्टूल रिकामं होतं, पण त्याला बसवेना.

"अध्यक्षांचा फोन आला होता," निवास म्हणाला. "समदं कळलं."

"हं."

"मी एवढं सांभाळत होतो तुला. तरी बोललास."

"बोललो."

निवास त्याच्याकडे बघत राहिला. रोहिणी पाठमोरी होऊन पाण्याची बाटली भरत होती. तिचा हात थांबला.

"आप्पा, एक इचारू? खरं सांग. त्या दिवशी रोहिणी तुला चांगलं म्हणाली, म्हणून तुला बोलवलं. ती तसं म्हणाली नसती, नुसती मलाच बोलत ऱ्हायली असती, तर तू बोलला असतास?"

धनाजीला त्याक्षणी फार वाटलं, की हो म्हणावं. भाऊ आजारी होता, त्याला बरं वाटलं असतं. रोहिणी ऐकत होती, तिलाही थोडं बरं वाटलं असतं. त्याने खाटेची दांडी धरली.

"न्हाई," तो म्हणाला. "गप बसलो असतो."

निवासने मान हलवली आणि डोळे मिटले. रोहिणीने बाटलीचं झाकण लावलं, ती उशाशी ठेवली आणि स्टूल उचलून खाटेच्या पलीकडच्या बाजूला नेऊन स्वतः बसली. धनाजी उभाच राहिला. त्याला जा असं कुणी म्हणालं नाही, आणि बस असंही नाही.